बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमधलं पान

गेली तीन वर्षं मी एक रहस्यकादंबरी लिहितेय. रात्री घरातलं आवरून झालं की बसते, कधी दीड पान होतं, कधी चार ओळी. नायिका मुंबईतल्या एका मराठी पेपरात धर्माचं बीट, म्हणजे धर्माच्या बातम्यांचं खातं, सांभाळणारी बातमीदार, ख्रिस्ती, घरात मराठी बोलणारी. गोष्ट घडते एका उपनगरातल्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत. खून नाही. चोरी आहे, आणि चोरीला गेलंय एक पान. एक मित्र म्हणाला, अगं मुडदा नाही तर वाचणार कोण? मी त्याला म्हटलं, त्या पानाने एका मुलीची नोकरी जाऊ शकते, मुडद्यापेक्षा ते कमी आहे का सांग. तो गप्प बसला, पण पटलेलं नव्हतं त्याला.

धर्माचं बीट मी स्वतः अकरा वर्षं केलंय. ऑफिसात हे बीट कुणाला नको असतं, क्राइमवाल्याला मान असतो, महापालिकेवाल्याला ओळखी असतात, मंत्रालयवाल्याची तर बातच सोडा, आणि धर्म म्हणजे गणपतीच्या मूर्तीची उंची आणि मोत माउलीच्या जत्रेतली गर्दी, फोटो मोठा कॉपी छोटी, असा सगळ्यांचा हिशेब. पण या बीटवर एक गोष्ट मिळते जी क्राइमवाल्याला मिळत नाही. लोक तुमच्यासमोर मोकळे होतात. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चबाहेर नोव्हेनाच्या प्रार्थनेच्या रांगेत उभं राहायचं, हातात नवसाचं मेणाचं घर असलेला माणूस, मेणाचा पाय घेतलेली म्हातारी, मेणाचं बाळ रुमालात गुंडाळून धरलेली बाई, त्यात हिंदूही असतात मुसलमानही असतात, आणि कुणालाही नुसतं "कशासाठी आलात?" एवढंच विचारलं की समोरचा माणूस जे सांगतो ते त्याने घरीसुद्धा सांगितलेलं नसतं. डायरी बंद करून ऐकायचं, नाव विचारायचं नाही. त्यातलं नव्वद टक्के कधी छापलं नाही. ते सगळं अजून माझ्याकडे आहे, आणि कादंबरी लिहावीशी वाटली ती त्यामुळेच.

आमच्या घरी रहस्यकथा होत्या. आजोबा बाबूराव अर्नाळकरांचे भक्त, झुंजार आणि धनंजय म्हणजे त्यांच्यासाठी घरातलीच माणसं, आणि आजीला ते आवडायचं नाही म्हणून 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाच्या अंकात घालून वाचायचे. आजी सगळं ओळखून होती. आम्ही भायखळ्याचे, मूळचे नगरकडचे, मराठी मिशनचे लोक. रविवारी उपासनेला रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं पेटी-तबल्यावर, पाळकसाहेबांचं प्रवचन मराठीत, आणि सोमवारी शाळेत कुणीतरी विचारणारच, "तुम्ही ख्रिश्चन ना, मग मराठी इतकं चांगलं कसं?" हा प्रश्न मला आजही विचारतात, चाळिशी उलटली तरी विचारतात, आणि अजूनही लागतो.

२१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायले तो दिवस, मी सातवीत होते. दुपारपर्यंत आमच्या भागातलं दूध संपलं होतं. शेजारच्या काकूंनी माझ्याही हातात वाटी-चमचा दिला आणि मी त्यांच्या मुलीबरोबर देवळाच्या रांगेत उभी राहिले. माझ्या चमच्यातलं दूध कमी होताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. धावत घरी आले आणि आजीला सांगितलं. वाटलं ती चिडणार, कारण पहाटे उठून पवित्र शास्त्र वाचणारी ती बाई. ती भाजी निवडत होती, वर न बघताच म्हणाली, "मूर्तीच्या पायाशी बघितलंस का? ओलं होतं का तिथं?"

मी बघितलं नव्हतं.

नंतर शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं, पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतं, पांढऱ्या मूर्तीवर तो दिसत नाही, रंग घातला की दिसतो. पण माझ्या डोक्यात राहिला तो आजीचा प्रश्न. तिने मला खोटं पाडलं नाही, देवळात कशाला गेलीस असंही म्हणाली नाही, फक्त कुठे बघायचं ते सांगितलं. माझी नायिका पहिल्या प्रकरणात जेव्हा त्या पॅरिशच्या ऑफिसात शिरते आणि सगळे कपाटाकडे बघत असतात तेव्हा ती खाली वाकून फरशी बघते. ते आजीचं आहे.

आता जे सांगतेय ते सांगणं मी बरीच वर्षं टाळलं.

ऑगस्ट २००६. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. १८ तारखेच्या रात्री बातमी आली की माहीमच्या खाडीजवळ समुद्राचं पाणी गोड झालंय. मी पोचले तेव्हा किनाऱ्यावर उभं राहायला जागा नव्हती, बाटल्या, कळशा, पेप्सीची मोठी बाटली कापून केलेली भांडी, कुणी माहीमच्या दर्ग्यातल्या मखदूम बाबांचं नाव घेत होतं, कुणी गंगामैया म्हणत होतं, लोक कमरेइतक्या पाण्यात उतरून ओंजळीने पीत होते. मिठी नदी तिथेच येऊन मिळते, अर्ध्या मुंबईची घाण आणि कारखान्यांचं पाणी घेऊन. महापालिकेवाले पिऊ नका म्हणून सांगत होते. पुढे आयआयटीच्या लोकांनी वगैरे खुलासा केला, जोरदार पावसाने नदीचं गोडं पाणी मोठ्या प्रमाणावर आलं आणि हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहिलं, म्हणून ते खारट लागलं नाही. खारट नाही म्हणजे स्वच्छ आहे असं थोडंच.

तिथे एक बाई माझ्याजवळ आली. माझ्याच वयाची असेल. कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर, त्याच्या अंगातला स्वेटर पुढून ओला. तिने माझ्या हातातली डायरी बघितली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही पेपरवाल्या ना? मी ह्याला आत्ताच पाजलं. चांगलं दोनदा पाजलं. ते लोक नको म्हणतायत. आता काय करू मी?"

आणि मी तिला विचारलं, पाणी चवीला कसं होतं.

कारण माझ्या डायरीत तोच प्रश्न पुढचा होता. तिने उत्तर दिलं, गोड होतं म्हणाली, मी लिहून घेतलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की ती अजून तशीच उभी आहे. मी तिला म्हटलं सायन हॉस्पिटलला घेऊन जा, आत्ता जा, पोराला काय पाजलं ते डॉक्टरला नीट सांग. ती गर्दीतून वाट काढत गेली. पोर मागे वळून पाण्याकडे बघत होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचं "पाणी गोड होतं" हे वाक्य चौकटीत छापून आलं. तिचा प्रश्न कॉपीत नव्हता. डेस्कने कापला नाही, मीच लिहिला नव्हता.

त्या रात्री पाणी गोड का झालं हे शोधणं माझं काम होतंच. लोकांना ते कळायलाच हवं होतं, कळलं असतं तर त्या पोराला पाजलंच गेलं नसतं. त्यामुळे श्रद्धेच्या ठिकाणी प्रश्न विचारू नका असं जे म्हणतात त्यांच्याशी मी कधीच सहमत झाले नाही. २०१२ मध्ये इर्ल्याच्या वेलंकनी माउलीच्या चर्चमध्ये क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या पायातून पाणी ठिबकायला लागलं, लोक ते भरून नेऊ लागले, आणि तर्कवादी सनल एडामारुकू यांनी येऊन दाखवलं की जवळच्या टॉयलेटचं ड्रेनेज तुंबलंय आणि पाणी भिंतीतून केशाकर्षणाने वर चढून तिथून बाहेर येतंय. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, कलम २९५ अ, आणि त्याच वर्षी ते फिनलंडला गेले. पाणी कुठून येतंय हे शोधलं म्हणून एका माणसाला देशाबाहेर राहावं लागतं याचं मला ख्रिस्ती म्हणून दुःख झालं, आजही होतं. आमच्याच शास्त्रात लिहिलंय ना, सत्य तुम्हाला बंधमुक्त करील. मग तुंबलेल्या ड्रेनेजच्या सत्याला आपण का घाबरायचं?

रहस्यकथेच्या बाबतीत हा प्रश्न एका धर्मगुरूनेच मिटवून ठेवलाय. रोनाल्ड नॉक्स म्हणून एक इंग्लिश कॅथलिक फादर होते, स्वतः रहस्यकथा लिहायचे, त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले, आणि त्यातला दुसराच असा की अलौकिक शक्तीला इथे जागा नाही. म्हणजे मिस्सा अर्पण करणारा माणूस, चमत्कारावर ज्याचा विश्वास, तो सांगतोय की कपाटातून पान गेलं तर ते माणसानेच नेलं असं धरून चाला. मला यात काही विसंगत वाटत नाही. माणसाने केलेल्या गोष्टी देवाच्या नावावर ढकलू नयेत असं मानणारा माणूस मला जास्त भाविक वाटतो.

पण त्यांचाच आणखी एक नियम आहे आणि तिथे माझी नायिका अडते. डिटेक्टिव्हला सापडलेला प्रत्येक धागा ताबडतोब वाचकापुढे ठेवला पाहिजे. ठीक, वाचकापुढे ठेवला. पण ती बातमीदार आहे, तिचा आणखी एक वाचक आहे, सकाळी चहाबरोबर पेपर उघडणारा. त्याच्यापुढेही ठेवायचा का?

पान कसलं ते आता सांगते. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरचं. रजिस्टर काय असतं हे मला आजोबांमुळे कळलं. ते गेल्यावर काही कागदांसाठी त्यांची नोंद लागली म्हणून मी वडिलांबरोबर नगरकडच्या एका जुन्या चर्चमध्ये गेले होते. कापडी बांधणीचं लांबट रजिस्टर, कडा उंदरांनी खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली, ओळीने रकाने, अनुक्रमांक, तारीख, बाळाचं नाव, आईबापाचं नाव, गाव, साक्षीदार, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही, आणि ती सही मोडी लिपीत. शेवटी शेऱ्याचा रकाना. आजोबांच्या नोंदीसमोर शेऱ्यात त्यांच्या आईवडिलांची आधीची जात लिहिलेली होती. वडिलांनी त्यावर बोट ठेवलं, काही बोलले नाहीत, आणि थोड्या वेळाने बोट उचललं. घामाचा ठसा उमटला होता तिथे, तो वाळेपर्यंत आम्ही दोघं बघत होतो.

त्या रकान्याचं वजन बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. १९५० चा राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश आहे, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात धर्माची अट आहे. सुरुवातीला फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजूनही बाहेर. म्हणजे गावात विहीर वेगळी ती वेगळीच राहते, स्मशान वेगळं ते वेगळंच, कधी कधी तर चर्चमध्ये बसायचे बाकसुद्धा वेगळे राहिलेत हे आम्ही आमच्या तोंडाने कबूल केलं पाहिजे, पण कागदावर जात गेली. त्यामुळे कितीतरी घरांमध्ये दोन नावं असतात, एक शाळेच्या दाखल्यावरचं आणि एक चर्चमधलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुद्दुचेरीच्या एका बाईचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला, ती स्वतःला हिंदू म्हणत होती, पण लहानपणी तिचा बाप्तिस्मा झालेला होता. मी ती बातमी वाचली तेव्हा माझी कादंबरी निम्मी लिहून झाली होती. लॅपटॉप बंद केला आणि दोन आठवडे उघडला नाही.

तर माझ्या गोष्टीत एक मुलगी आहे, सरकारी नोकरीत नुकतीच लागलेली, आणि कुणीतरी तिच्या जातीच्या दाखल्याविरुद्ध तक्रार करायच्या तयारीत आहे. ती येऊन रजिस्टरमधलं पान फाडून नेते. हे उघडकीला कसं येतं, तर त्याच पानावर आणखी पाच बाळांची नावं आहेत. त्यातल्या एकाला लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, फादर रजिस्टर उघडतात, आणि क्रमांक ४१२ नंतर एकदम ४१९ येतो. स्वतःची नोंद पुसायला गेलेली मुलगी दुसऱ्या पाच जणांच्या नोंदी घेऊन गेली. हे मला सुचलं त्या रात्री मला झोप नाही लागली, कारण तोवर मला फक्त त्या मुलीचीच बाजू दिसत होती.

सगळ्यात जास्त वेळ मला लागला तो कन्फेशनच्या, म्हणजे पापनिवेदनाच्या प्रकरणाला. आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्याकडे ती खिडकी नाही, ते गुडघे टेकणं नाही, त्यामुळे मी आधी बाहेरच्या माणसासारखं लिहिलं. मुलगी येऊन फादरना पापनिवेदनात सांगते की पान मी नेलं. फादर कुणाला काही बोलत नाहीत, एवढं मला माहीत होतं, कॅथलिक कायद्यात पापनिवेदनाचं गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला थेट बहिष्काराची शिक्षा आहे. मग मी काय केलं, दुसऱ्या दिवशी फादरना कपाटाला नवं कुलूप लावायला लावलं, आणि ते नवं कुलूप बघून माझी नायिका ओळखते की यांना काहीतरी कळलंय. मला वाटलं काय सुंदर धागा जमलाय.

ते प्रकरण मी ओळखीच्या एका वयस्कर फादरना वाचायला दिलं, मूळचे वसईचे, फार वाचणारे. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अगं, हे कुलूप तो लावूच शकत नाही."

मी म्हटलं, "बोलत तर कुठे काय नाही ना तो."

"बोलायचं सोड. जे तिथे कळलं ते तिच्या विरोधात वापरायचं नाही, कुणाला कळणार नसलं तरी नाही. चर्चच्या कायद्यातलं कॅनन ९८४ बघ. कपाट काल उघडं होतं तर आजही उघडंच राहील. ती परत आली तर परत येईल. त्याला जे कळलं ते त्याला कळलंच नाही असं त्याने जगायचं."

मी घरी आले आणि ते प्रकरण पुन्हा लिहिलं. आता फादर कुलूप लावत नाहीत. चोरी झालीय, पॅरिश कौन्सिलची माणसं ओरडतायत, सगळे म्हणतायत कुलूप लावा, आणि फादर लावत नाहीत, कारणही सांगत नाहीत, शिव्या खातात. माझी नायिका ते उघडं कपाट बघते आणि तिला कळतं. आणि हे कळलेलं ती छापू शकत नाही, कारण छापलं तर त्या माणसाने जे अंगावर घेतलं ते वाया जाणार. तिच्या स्वतःच्या धंद्यातही असंच एक कुलूप आहे म्हणा, १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात कौन्सिलपुढे पत्रकाराला बातमीचा स्रोत सांगायची सक्ती करता येत नाही, पण कोर्टात उभं केलं तर तसं पक्कं संरक्षण नाही. पुराव्याचा कायदा वकिलाला सांभाळतो, नवराबायकोमधलं बोलणं सांभाळतो, फादर आणि बातमीदार दोघंही त्याच्या बाहेरच. म्हणून ती दोघं माझ्या पुस्तकात एका बाकावर बसलेली आहेत, चर्चच्या मागे, चिकूच्या झाडाखाली, आणि दोघांनाही एकच गोष्ट माहीत आहे आणि दोघंही पावसाबद्दल बोलतायत.

मला कुणी विचारतं, मराठीत असं ख्रिस्ती रहस्य वगैरे चालेल का, आपल्याकडे ती परंपरा नाही. परंपरा कशी नाही? १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिलं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात, आणि लिहिणारा ख्रिस्ती झालेला माणूस. त्यात यमुना करते काय, तर नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि जिथे जाईल तिथे विधवांना भेटते, त्यांच्या हकिकती ऐकते. सोवळ्याआड काय चाललंय, कोण गप्प आहे आणि कशाने. मी ते कॉलेजात वाचलं तेव्हा जुनाट वाटलं होतं. बीट सोडल्यावर परत वाचलं आणि जाणवलं, ही बाई बातमीदारच आहे की. फक्त डायरी नाही हातात. ती उत्तरं गोळा करत फिरत नाही, बायांच्या शेजारी बसते.

शेवटचं प्रकरण मागच्या महिन्यात लिहून झालं. नायिका त्या मुलीला शोधून काढते, भांडुपला, रात्रीची, जिन्यात लाईट नाही. मुलगी आधी नाकारते, मग आतून एक प्लास्टिकची फाईल आणते, त्यात ते पान, नीट ठेवलेलं, फेकलेलं नाही. "जाळणार होते," म्हणते, "पण त्यात आईची सही आहे." नायिका तिला एवढंच सांगते की यात आणखी पाच जण आहेत, आणि त्यांची नावं एकेक करून वाचून दाखवते. नोकरीचं पुढे काय होईल, मुलगी विचारते. नायिकेकडे उत्तर नाही आणि ती खोटं सांगत नाही, चहा थंड होईपर्यंत तिथेच बसते, शेवटची लोकल जाते तरी बसते.

पेपरात ती १९५० च्या आदेशावर मोठा लेख लिहिते, कुणाचंही नाव न घेता, शेऱ्याचा रकाना काय असतो त्यावर. त्यातला अर्धा छापून येतो.

आणि शनिवारी दुपारी ती पाकीट घेऊन पॅरिश ऑफिसात जाते. कपाट उघडंच असतं. ती पाकीट टेबलावर ठेवते. फादर ते उघडून बघतात, कुणी दिलं विचारत नाहीत, रजिस्टर काढतात, ४१२ आणि ४१९ च्या मधे पान लावून बघतात, फाटलेली कड बरोबर जुळते. ड्रॉवरमध्ये डिंकाची बाटली असते, तिचं टोपण वाळून घट्ट बसलेलं, दोघांनाही निघत नाही. शेवटी ती बाटली रुमालात धरते आणि फादर टोपण फिरवतात.